आमच्या घरात ब्लिचिंग न्हाई

फेस येतो का?

माझ्या धंद्यात गिऱ्हाईक पहिला प्रश्न हा विचारतं आणि बहुतेक वेळा शेवटचाही हाच. आत काय घातलंय, हात सोलपटतील का, लेकराच्या हाती लागलं तर काय, हे कोणी विचारत नाही. फेस येतो म्हटलं की बाटली पिशवीत. आता फेसाचा आणि स्वच्छतेचा तसा फारसा संबंध नाही. भाषणात टाळ्यांचा असतो तेवढाच. पण हे गिऱ्हाइकाला सांगणारा दुकानदार उपाशी मरतो, म्हणून मीही मूठभर फेस वाढवणारं द्रव्य घालत आलो आणि बाटलीवर लिंबाचं चित्र छापत आलो. आत लिंबू नसतं. पिवळा रंग असतो आणि लिंबाचा वास असतो. लिंबू फक्त चित्र काढणाऱ्यानं पाहिलेलं असतं.

नवीन जालन्यात पत्र्याचं एक शेड, त्यात निळे ड्रम, ढवळायला एक लाकडी वल्हं आणि दोन्ही बाजूंनी बाटल्यांच्या पिशव्या लटकवलेली मोटारसायकल, एवढ्यावर मी संसार केला. फिनाईल, भांड्यांचं लिक्विड, फरशीचं पाणी आणि संडास धुवायचं निळं अ‍ॅसिड. गावोगावच्या बाया मला 'फिनाईलवाले मामा' म्हणतात. आता शेड पुतण्या बघतो. मी फक्त बचत गटांपुढे डेमो द्यायला जातो. पुतण्याचं म्हणणं असं, "काका, तुमच्या हातानं माल फाटतो, पण तुमच्या तोंडानं इकतो."

फाटतो हे खरं आहे. पांढरं फिनाईल म्हणजे काही मोठी विद्या नव्हे. एक वासाचं तेल असतं, आणि त्या तेलाला पाण्यात धरून ठेवणारं साबणासारखं एक द्रव्य असतं. दोन्ही एकजीव करून पाणी ओतलं की दुधासारखं पांढरं होतं. पण पाणी गोडं लागतं. आमच्याकडचं बोअरचं पाणी इतकं क्षाराचं, की वाळत घातलेली विजार दोरीवरून काढली तर भिंतीला टेकून उभी राहते. मी पहिला घाणा त्याच पाण्यात काढला आणि मोठ्या ऐटीत आष्टीच्या बाजारात नेऊन विकला. पुढच्या बाजारी एक बाई बाटली नाचवत आली. वर पिवळं तेल, खाली नितळ पाणी.

"मामा," ती सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाली, "तुमचं दूध नासलं. आता ह्याचं पनीर करू का?"

त्यातून मी एवढंच शिकलो, की पाणी बदलावं. माणसानं स्वतःही थोडं बदलावं, हे काही सुचलं नाही.

सोड्याचंही तसंच. आमच्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही, म्हणून बाया चिमूटभर सोडा टाकतात. एकदा घरी जेवायला बसलो तर वरण असं मेणासारखं, की मी वाटीभर वाढून घेतलं आणि बायकोची तारीफ केली. तिसऱ्या भुरक्याला जिभेवर साबण चढला. शेडातून आणलेली धुण्याच्या सोड्याची पुडी मीच ओट्यावर ठेवून दिलेली होती.

"अगं, कोणता सोडा टाकला?"

"सोडा म्हंजे सोडा. तुम्हीच ठिवला ना?"

"तो धुयाचा हाय!"

"मंग पुडीनं सांगायचं होतं मला!"

पुडी कोरी होती. खायचा सोडा, धुयाचा सोडा आणि कातडी सोलून काढणारा कॉस्टिक सोडा, तिघंही पांढरे आणि तिघांचं आडनाव एकच. पोट दोन दिवस गुरगुरलं, पण ही गोष्ट मी पुढं कितीतरी डेमोंत विनोद म्हणून सांगितली. बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. मला वाटायचं, आपण लोकांना शहाणं करून राह्यलो.

हे सगळं सांगतोय ते केदारखेड्याच्या अलीकडच्या एका गावासाठी. गावाचं नाव लिहीत नाही. मला तिथं अजून जायचं असतं.

घट बसायच्या आधीचे दिवस म्हणजे आमची सुगी. त्या दिवसांत घरातलं वाकळांपासून पाट्या-वरवंट्यापर्यंत सगळं धुऊन निघतं. भिंती पुसल्या जातात, डबे घासले जातात, आणि नवऱ्याला अंगणात बसवलं जातं. अशात त्या गावच्या बचत गटानं मला बोलावलं. समाजमंदिरात पंचवीस-तीस बाया जमल्या होत्या. मी काळी पडलेली फरशी घासून पांढरी केली, करपलेली कढई चमकवली, सोड्याचा विनोद सांगितला. मग निळी बाटली वर धरून, आवाज जरा खाली आणून म्हणालो,

"आता लक्ष द्या. हे अ‍ॅसिड आन ब्लिचिंग कधीच एकत्र करायचं न्हाई. बिलकुल न्हाई. जहरी वायू निघतो. माणूस जागच्या जागी पडतं."

"आमच्या घरात ब्लिचिंग न्हाईच," कमलबाई म्हणाल्या.

ह्या कमलबाई म्हणजे त्या गावचा लाऊडस्पीकर. बाई चाळिशीच्या, अंगानं काटकुळ्या, पण आवाज नदीपासून एसटीच्या थांब्यापर्यंत पोचणारा. नवरा सुखदेव ग्रामपंचायतीचा पाणीवाला. टाकी भरणं, गल्लोगल्लीचे वाल्व उघडणं त्याचं काम. सकाळी सुखदेव वाल्व उघडतो आणि कमलबाई तोंड, असं गाव म्हणायचं. हे कमलबाईच पहिल्यांदा मला सांगून हसल्या होत्या.

"कोणाच्या घरी हाय का ब्लिचिंग?" मी विचारलं.

एकीचाही हात वर झाला नाही.

"शाब्बास!" मी म्हणालो. इतकं शहाणं गाव मी पाहिलं नव्हतं. मला मनापासून आनंद झाला. तो आनंद आज आठवला की अंगावर काटा येतो.

कमलबाईंनी निळी बाटली घेतली. "मामा, आमच्या संडासात खारं पाणी बसून बसून दगड झालाय. निघंल ना?"

"न्हाई निघालं तर मला सांगा. मी येऊन जिभेनं चाटतो."

"चाटू नका. मामीला काय सांगू मी?" त्या म्हणाल्या, आणि सगळ्या हसल्या.

मी बचत गटाच्या अध्यक्षबाईंच्या ओसरीवर चहा पीत बसलो होतो. कप अर्धा झाला असेल नसेल, तोच मागच्या गल्लीतून आरडाओरड आली. आधी मला वाटलं, कमलबाईंचं कोणाशी तरी वाजलं. पण त्यात कमलबाईंचा आवाजच नव्हता. मी कप ठेवला तो सरळ बशीच्या बाहेर.

सुखदेवच्या अंगणात माणसं जमली होती. कोपऱ्यात संडास-न्हाणी एकत्र, पत्र्याचं दार, वरच्या झरोक्यात पावसाचं म्हणून पोतं कोंबलेलं. दाराच्या फटीतून एक वास आला, आणि मी उभ्या जागी गार पडलो.

हा वास मला ठाऊक होता. रसायनशास्त्राचा माझा सगळा अनुभव त्या एकाच वासात साठलेला आहे. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी प्रॅक्टिकलला मला क्लोरीन तयार करायला सांगितला होता. मी केला, चांगला भरपूर केला. फक्त नळी बाटलीत सोडायची विसरलो. बाहेरून आलेले परीक्षक खिडकीतून डोकं बाहेर काढून मला नापास करत होते. तेव्हा ते हसण्यावारी गेलं, कारण त्या खोलीला मोठमोठ्या खिडक्या होत्या.

इथं खिडकीत पोतं होतं, आणि आत कमलबाई होत्या.

असं काही झालं तर काय करावं हे मी वर्षानुवर्षं बायांना सांगत आलो होतो. तोंडावर ओलं फडकं धरा, श्वास रोखा, माणसाला मोकळ्या हवेत आणा. ह्यातलं मी काय केलं? श्वास रोखला, हे खरं. दार ढकलून आत शिरलो. हिरवट-पिवळा धूर गुडघ्यापर्यंत साचलेला, आणि त्या धुरात कमलबाई भिंतीला टेकून बसलेल्या, डोळे उघडे. आणि मी, शहाण्यानं, तोंड उघडून हाक मारली, "कमलबाई!"

हाक मारायची तर श्वास घ्यावा लागतो. तो मी घेतला.

घशात कोणी निखारा टाकावा तसं झालं. मी उलटा बाहेर आलो आणि रांजणावर आदळलो. तेवढ्यात सुखदेवनं गमछा पाण्यात बुचकळून तोंडाला बांधला, आत गेला आणि बायकोला काखेत धरून ओढत बाहेर आणलं. मी सांगायला हवं होतं तेच त्यानं न सांगता केलं. कारण मला सांगताच येत नव्हतं.

"फिट आली, फिट आली! कांदा आणा जल्दी!" कोणीतरी ओरडलं.

कांदा आला. फोडला. कमलबाईंच्या नाकाला लावला. त्यांच्या छातीतून शिट्टी वाजल्यासारखा आवाज येत होता आणि बाया त्यांच्याभोवती भिंतीसारख्या दाटल्या होत्या. मी दोन्ही हात हलवून सांगत होतो, बाजूला व्हा, हवा येऊ द्या. घशातून शब्द निघेना, नुसते हातवारे आणि लाळ.

"अगं, मामालाबी आली!" अध्यक्षबाई म्हणाल्या, आणि कांद्याचं दुसरं अर्धुक माझ्या नाकाला लागलं.

आज हे लिहिताना हसू येतं. तेव्हा कमलबाईंचे ओठ जांभळे झाले होते.

कोणाची तरी जीप मिळाली. मागच्या बाजूला कमलबाई सुखदेवच्या मांडीवर, समोर मी. दोघंही खोकतोय. त्या मधूनच माझ्याकडं बघायच्या. डोळे लाल, पाणी वाहतंय, पण त्यात राग नव्हता. उलट काहीतरी समजावून सांगायचं असल्यासारख्या त्या बघत होत्या.

दवाखान्यात त्यांना लगेच ऑक्सिजन लावला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण पक्क्या. त्यांनी मला बाकावर बसवून वाफ दिली आणि विचारलं, "काय मिसळलं होतं?"

"अ‍ॅसिड," मी घोगऱ्या आवाजात म्हणालो, "आन ब्लिचिंग."

"ब्लिचिंग न्हाई आमच्या घरात," सुखदेव म्हणाला.

"अहो, वास मी घेतला ना!"

"आसंल वास. पन ब्लिचिंग न्हाई. कधीच आणलं न्हाई."

इतक्यात कमलबाईंचा भाऊ विष्णू केदारखेड्याहून येऊन पोचला. धिप्पाड माणूस, शेतातून तसाच आलेला, पायाला चिखल. त्यानं काचेतून बहिणीच्या तोंडावरचा मास्क पाहिला, मग सुखदेवकडं पाहिलं.

"दाजी, काय झालं?"

"संडास धुवून राह्यली होती. अ‍ॅसिड टाकलं आन चक्कर येऊन पडली."

"आंगावर का पोटात?"

"काय?"

"अ‍ॅसिड. आंगावर गेलं का पोटात गेलं? पोटात गेलं आसंल तर कोणी घातलं?"

मी इतका वेळ फक्त धुराचा विचार करत होतो. अ‍ॅसिडची बाटली, बायको ऑक्सिजनवर आणि नवरा सांगतोय चक्कर आली, हे बाहेरच्या माणसाला कसं दिसेल, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "हे बघा, अशा केसमध्ये पोलिसांना कळवावंच लागतं. जबाब होईल. आधी पेशंटला श्वास घेऊ द्या."

पोलीस म्हटल्यावर विष्णूनं सुखदेवची कॉलर धरली.

मी मध्ये पडलो. "भाऊ, सोडा त्यांना. पोटात काही गेलं न्हाई. अ‍ॅसिडमधी ब्लिचिंग पडलं, त्याचा वायू झाला."

"दाजी, ब्लिचिंग होतं का घरात?"

"न्हाई," सुखदेव म्हणाला.

"मंग हे मामा खोटं बोलून राह्यले का?"

"मला काय म्हाईत! न्हाई म्हंजे न्हाई. देवाशपथ न्हाई."

मी परत सांगू लागलो. जितकं मी ठासून 'ब्लिचिंग' म्हणत होतो, तितकं सुखदेव ठासून 'न्हाई' म्हणत होता, आणि प्रत्येक 'न्हाई'ला विष्णूची मूठ आवळत होती. मी त्या माणसाला वर ओढायला दोर टाकत होतो आणि तो दोर त्याच्याच गळ्यात पडत होता. हे मला दिसत होतं, तरी तोंडातून दुसरा शब्द निघत नव्हता. आजवर मी तोच एक शब्द वापरत आलो होतो.

शेवटी विष्णू माझ्याकडं वळला. "मंग तुमच्या बाटलीतच काहीतरी हाय, मामा. काय भरता तुम्ही त्यात?"

त्या क्षणी मलाच शंका आली. पुतण्यानं ड्रम बदलला असेल का? कॉस्टिक पडलं असेल का? स्वतःच्या मालाला मी इतका कधीच घाबरलो नव्हतो.

तेवढ्यात आतून नर्सनं हाक मारली. कमलबाई तोंडावरचा मास्क बाजूला सारायची धडपड करत होत्या. डॉक्टरीणबाई आत गेल्या, आम्ही तिघं दारात.

"बोलू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नुसतं मान हलवा. अ‍ॅसिडमध्ये काही टाकलं होतं का?"

मान हलली. हो.

"ब्लिचिंग?"

मान जोरात हलली. नाही.

विष्णूनं दात खाल्ले. सुखदेवनं डोळे मिटले.

मग कमलबाईंनी मास्क उचललाच. नदीपासून थांब्यापर्यंत पोचणारा तो आवाज खाटेच्या कडेपर्यंत येईना. आम्ही सगळे वाकलो.

"टी... सी... एल," त्या म्हणाल्या. "दगड निघंना. म्हनून मूठभर टीसीएल टाकलं."

"मंग त्यात काय झालं?" सुखदेव एकदम म्हणाला. "टीसीएल तर मी रोज टाकीत टाकतो. पंचायतीत वल आसती म्हनून पोतं घरीच ठिवलं. पाण्याचंच औषध हाय ते. आख्खं गाव पेतं!"

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "टीसीएल म्हणजेच ब्लिचिंग पावडर," त्या म्हणाल्या.

विष्णूची मूठ सैल झाली. त्यानं सुखदेवची चुरगळलेली कॉलर हातानं सारखी करायचा प्रयत्न केला, जमेना, मग सोडून दिली. सुखदेव भिंतीला टेकून खाली बसला आणि स्वतःच्या पंजाकडं बघत राहिला. रोज त्याच पंजानं तो पावडर मोजून टाकीत टाकत होता.

तो तरी पाणीवाला. माझं काय? मला दोन्ही शब्द माहीत होते. टीसीएलची पोती मी गावोगावच्या ग्रामपंचायतींच्या व्हरांड्यात पाहिली होती, त्यांच्यावर बसून चहासुद्धा प्यायलो होतो. पण ब्लिचिंग हा दुकानातला शब्द आणि टीसीएल हा टाकीवरचा. माझ्या डोक्यात ह्या दोघांची कधी गाठच पडली नव्हती. सगळा जिल्हा पालथा घालून, गावोगाव हात उंचावून मी बायांना अशा वस्तूची भीती घातली होती, जी त्यांच्या लेखी त्यांच्या घरात नव्हती. आणि जी होती, ती त्यांच्या लेखी पिण्याच्या पाण्यातलं औषध होती. म्हणजे घरातली सगळ्यात गरीब वस्तू.

किती गावांत मी विचारलं असेल, कोणाच्या घरी ब्लिचिंग हाय का? आणि एकही हात वर झाला नाही म्हणून किती ठिकाणी शाब्बास म्हणालो असेन?

कमलबाईंनी मला खुणेनं जवळ बोलावलं. मी वाकलो. मला वाटलं, आता शिव्या येतील. आल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मामा," त्या पुटपुटल्या, "तुम्ही सांगितल्तं म्हनून म्या ब्लिचिंग न्हाई टाकलं. आईशप्पत."

नर्सनं मास्क परत लावला.

त्यांचा जबाब झाला, सुखदेव सुटला, कमलबाई घरी आल्या. जीव वाचला, पण छाती पूर्वीसारखी राहिली नाही. जिना चढताना थांबावं लागतं. आणि आवाज चिरलेला तो चिरलेलाच राहिला. गाव आता सुखदेवला म्हणतं, वाल्व तेवढा उघडतो. तो हसत नाही.

दिवाळीच्या आधी मी परत त्या गावात गेलो. पुतण्या म्हणत होता, "काका, कशाला जाता? मारतील." मी बाटल्या नेल्या नाहीत. समाजमंदिरात बाया जमल्या, पण लांबलांब बसल्या. मी म्हणालो, "आज मी कशाचंच नाव घेणार न्हाई. तुम्ही घरी जा आन धुयाचं, पुसायचं, किडे मारायचं, पाण्यात टाकायचं, जे जे हाय ते इथं आणा. नाव तुम्ही सांगा."

आणलं. मी आजवर ज्या घरांत चहा प्यायलो, त्या घरांतून काय काय निघालं ते सांगतो. बिस्किटाच्या बरणीत उंदराचं औषध. सरबताच्या बाटलीत अ‍ॅसिड, वर संत्र्याचं चित्र तसंच. पापडखाराच्या पुडीला चिकटून कॉस्टिकचे खडे. गोचिडाचं औषध खोबरेल तेलाच्या डबीत. सगळं नीट झाकण लावून, जपून ठेवलेलं. मी एकेक उचलून बाजूला ठेवत होतो. फेसाबद्दल मला कोणी काही विचारलं नाही.

शेवटी एक म्हातारी पुढं आली. स्टीलचा चकचकीत छोटा डबा, आत पांढरी पावडर. झाकण उघडताच नाकाला झोंबलं.

"आजी, हे कुठं ठेवता?"

"चुलीपाशी. मिठाच्या शेजारी. सर्दतं ना."

"ह्याला काय म्हणता तुम्ही?"

"घागरीची पूड. पाण्यात टाकाया."

हा तिसरा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो. मी काही बोलायच्या आत मागून कमलबाई उठल्या. हळूहळू आल्या, वाटेत एकदा थांबल्या, डब्यात डोकावल्या.

"आत्या," त्या चिरक्या आवाजात म्हणाल्या, "ह्येच त्ये. मला गिळाय आल्तं त्ये."

म्हातारीनं डब्यात पाहिलं, कमलबाईंकडं पाहिलं, आणि झाकण गच्च लावून डबा पोटाशी धरला.

"काहीबी बोलू नको गं," ती म्हणाली. "हे तर सरकारी हाय."